घासभर चीज: नाताळ ते थर्टीफर्स्टच्या पाहुण्यांसाठी छोटे खारे पदार्थ

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की माहीमच्या आमच्या इमारतीत गोडाच्या ताटल्या फिरायला लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आंटींकडून कुसवार येतं: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि केकचा एक जाड तुकडा. ताटली रिकामी परत करायची नाही ही आपली रीत, म्हणून मीही काहीतरी घालून पाठवते. सुरुवातीची काही वर्षं लाडू-करंज्या पाठवत होते. मग एकदा आंटीच म्हणाल्या, "अगं, गोड खाऊन तोंड मिटलंय, आता काहीतरी खारं-तिखट दे." तेव्हापासून त्या आठवड्यात आमच्याकडे चीजचे घासभर पदार्थ होतात. ताटलीतून तेच जातात आणि थर्टीफर्स्टला घरी जमणाऱ्या वीसेक माणसांसाठीही तेच असतात.

या पदार्थांची कृती सोपी आहे, सांभाळायची असते ती वेळ. चीज थंड असताना कापायचं, थंड असताना भरायचं, थंड असतानाच तेलात किंवा ओव्हनमध्ये जाऊ द्यायचं आणि बाहेर आलं की लगेच खायचं. गारठलेलं आणि गरमागरम, या दोनच अवस्थांत चीज गुणी असतं. मधल्या कोमट अवस्थेत ते घाम सोडतं, चिकटतं, तेलकट होतं आणि पुढे रबरासारखं घट्ट होऊन बसतं. आपल्या मुंबईत डिसेंबरातही दुपारचा पारा तिशी ओलांडतो, त्यामुळे ओट्यावर किसून ठेवलेल्या चीजचा अर्ध्या तासात गोळा होतो.

पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. उकडलेले बटाटे गरम असतानाच मळले, त्यात चीज किसून घातलं, गोळे वळले आणि तसेच तेलात सोडले. पहिला घाणा बरा वाटला. दुसऱ्या घाण्यात एक गोळा फुटला, मग त्याच्या शेजारचे दोन. चीज तेलावर पसरलं, काळे पापुद्रे झाले, तेल उडून माझ्या मनगटावर फोड आला. बाहेर सोळा माणसं बसली होती आणि आत कढई उतरवून ठेवण्याखेरीज काही करता येत नव्हतं. हा लेख त्या संध्याकाळसाठी लिहिला आहे, म्हणजे तुमच्या घरी ती येऊ नये.

कोणतं चीज कशासाठी

दुकानात गेल्यावर पहिला घोळ इथेच होतो. आपल्याकडे वडी, क्यूब आणि स्लाइसमध्ये मिळतं ते प्रोसेस्ड चीज. मूळ चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार मिसळून ते करतात. चीजमधल्या प्रथिनाला कॅल्शियमने बांधून ठेवलेलं असतं. हे क्षार ते कॅल्शियम ओढून घेतात, प्रथिन मोकळं होतं आणि स्निग्धांश व पाणी दोन्ही धरून ठेवतं. म्हणून प्रोसेस्ड चीज तापवलं तरी त्याचं तूप वेगळं होत नाही, ते एकसारखं मऊ होतं. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली ही युक्ती निघाली ती चीज जास्त दिवस टिकावं म्हणून, पण तळणाऱ्या बाईच्या दृष्टीने तिचा खरा उपयोग हा की असं चीज जागच्या जागी राहतं, धावत सुटत नाही.

मोझरेलाचं काम वेगळं. त्याचा दह्यासारखा जमलेला गोळा गरम पाण्यात ताणून-ताणून करतात, त्यामुळे आतले धागे एका दिशेने लागतात आणि वितळल्यावर तार सुटते. पिझ्झ्यावर ती तार छान दिसते. घासभर पदार्थात मात्र मला ती नकोच वाटते. माणसं उभी असतात, एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात कागदी बशी, आणि हनुवटीवर चीजची तार लोंबते. म्हणून गोळ्यांत मी प्रोसेस्ड चीजच घालते आणि टोस्टच्या मिश्रणात एक तृतीयांश मोझरेला, तेही केवळ मऊपणासाठी.

पनीर वितळतच नाही. उकळत्या दुधात आंबट घालून ते फाडतात आणि अशा चीजला कितीही आच दिली तरी त्याचा आकार मोडत नाही. म्हणून गोळ्याच्या पोटात पनीर भरून "चीज बॉल" म्हणू नये, खाणाऱ्याची निराशा होते. पारशी घरांतलं टोपली पनीर मिळालं तर ते थंडच खावं, मिरपूड घालून. त्याला तेल-ओव्हन दाखवणं म्हणजे त्याचा अपमान आहे.

आधीच किसलेल्या चीजची पाकिटं मी घेत नाही. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्चसारखी पूड लावलेली असते आणि ते मिश्रणात नीट मिळून येत नाही. वडी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावी, किसणीला तेलाचं बोट फिरवावं आणि मग किसावं. कीस मोकळा पडतो.

किती करायचं आणि काय आणायचं

पाठोपाठ जेवण असेल तर माणशी सहा तुकडे पुरतात. फक्त खाणंच असेल तर दहा-बारा धरावेत. आमच्याकडे नंतर बिर्याणी किंवा पावभाजी असते, म्हणून वीस माणसांना १२० तुकडे: चाळीस थंड, चाळीस भाजलेले, चाळीस तळलेले. तीनच प्रकार. चौथा करायचा मोह आवरावा, कारण आपल्या स्वयंपाकघरात शेगड्या दोन किंवा चार आणि फ्रीज एकच. तिन्ही प्रकार मुद्दाम वेगळ्या जातीचे निवडले आहेत. एकाला फ्रीज लागतो, एकाला ओव्हन किंवा तवा, एकाला कढई; कोणी कोणाच्या आड येत नाही.

चीजची ५०० ग्रॅमची एक वडी, २०० ग्रॅमची एक वडी आणि थोडं मोझरेला एवढं पुरतं. मुलं असतील तर २५ ग्रॅमवाले पाच क्यूब जास्तीचे. कोथिंबीर, मिरच्या, कांद्याची पात दादरला सकाळी स्वस्त आणि ताजी मिळते. काड्या, कागदी बश्या, बटर पेपर यांसाठी क्रॉफर्ड मार्केटला जायचं असेल तर जरूर जा, पण चीज तिथून घेऊन भर गर्दीच्या लोकलने तासभर प्रवास करू नका. चीज सगळ्यात शेवटी, घराजवळच्या दुकानातून घ्यावं. तिथलाही फ्रीज चालू आहे ना, पाकीट हाताला गार लागतंय ना, हे बघून.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायला विसरू नका. चीज जमवायला रेनेट लागतं आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढतात. आपल्याकडची नेहमीची चीजं बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची असतात, परदेशी चीजबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही. घरी शाकाहारी पाहुणे येणार असतील तर त्यांना न सांगताच आपण ही काळजी घ्यावी.

थंड: चक्क्याचे चीज-गोळे

परदेशात असे गोळे क्रीम चीजचे करतात. आपल्याकडे श्रीखंडासाठी चक्का घराघरांत होतो, तो क्रीम चीजपेक्षा हलका, आंबूस आणि माझ्या मते जास्त चवदार. पाऊण किलो घट्ट दही घ्या, म्हशीच्या दुधाचं असेल तर उत्तम. साधारण ३०० ग्रॅम चक्का निघतो. पूर्वी आम्ही फडकं नळाला बांधून रात्रभर टांगायचो. मुंबईच्या दमट हवेत सकाळपर्यंत तो आंबट ढाण होतो. त्यापेक्षा पातेल्यावर चाळणी, चाळणीत मलमलचं फडकं, त्यात दही, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. हे सगळं बारा तास फ्रीजमध्ये. खाली जमलेली निवळी टाकू नका, तीत दुसऱ्या दिवशी पोळ्यांची कणीक मळा.

चक्का बोटाने दाबला तर खळगा तसाच राहायला हवा. खळगा भरून आला तर अजून पाणी आहे, आणखी चार तास ठेवा. या चक्क्यात २०० ग्रॅम चीज अगदी बारीक किसून, तव्यावर सालीसकट भाजून ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, एक चहाचा चमचा भरड मिरपूड आणि एका लिंबाची हिरवी साल किसून घाला. मीठ घालू नका, चीजमध्ये पुरेसं असतं. चमच्याने कालवा, हाताने मळू नका. हाताच्या उबेने चक्का सैल होतो. डबा झाकून तासभर फ्रीजमध्ये.

मग थंड पाण्यात हात बुडवून मोठ्या सुपारीएवढे गोळे वळायचे. चाळीस होतात. मी तीन परातींत तीन वेष्टणं ठेवते: भाजलेले पांढरे तीळ, बारीक चिरलेली कोथिंबीर, आणि दाण्याच्या भरड कुटात मिसळलेलं काश्मिरी तिखट. पांढरा, हिरवा, लाल. एका ताटात तिन्ही रंग आले की नाताळ वेगळा सांगावा लागत नाही. कोथिंबीर सकाळीच धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली कोथिंबीर गोळ्यावर काळी पडते आणि पाणी सोडते. तिखट कुटात मिसळूनच लावायचं. नुसतं लावलं तर ओलाव्याने लाल ओघळ येतात.

हे गोळे काकडीच्या चकतीवर किंवा खाऱ्या बिस्किटावर ठेवून द्यावेत. बिस्किटावर ठेवायचे ते पाहुण्यांनी चपला काढल्यावर, आधी नाही. दहा मिनिटांत बिस्कीट नरम पडतं.

तळलेले: बटाट्याच्या पारीतले चीज-गोळे

हा पदार्थ सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडतो आणि यातच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

आदल्या दिवशी ६०० ग्रॅम बटाटे सालीसकट उकडा. कुकरमध्ये पाण्यात बुडवून नव्हे, चाळणीच्या भांड्यात ठेवून वाफेवर. पाण्यातले बटाटे पाणी पितात आणि तेच पाणी पुढे तेलात वाफ होऊन गोळा फोडतं. उकडलेले बटाटे सोलून, किसून, परातीत पसरून गार करा आणि दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. गारठलेल्या बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो, चिकटपणा कमी होतो, पारी हाताला लागत नाही.

आता त्यात अर्धी वाटी पोह्यांची पूड. जाडे पोहे कोरडेच भाजून मिक्सरमधून काढायचे. बटाट्यातला उरलासुरला ओलावा पोहे शोषून घेतात, कॉर्नफ्लोअरपेक्षा हे मला जास्त खात्रीचं वाटतं. सोबत चार हिरव्या मिरच्या आणि इंचभर आलं वाटून, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा जिरेपूड, बेताचं मीठ. कांदा घालू नका. कच्चा कांदा मीठ लागताच पाणी सोडतो.

चीजची २०० ग्रॅमची वडी घ्या, आडवी कापून तिचे दोन थर करा आणि प्रत्येक थराचे वीस तुकडे पाडा. पाच-पाच ग्रॅमचे चाळीस तुकडे झाले. ते ताटलीत सुटे मांडून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा.

बटाट्याचेही चाळीस भाग आधीच करून ठेवा. एक भाग तळहातावर घ्या, अंगठ्याने वाटी करा, जशी मोदकाची करतो तशी, पण कडा जाड ठेवा. चीजचा तुकडा ठेवा, कडा वर आणून बंद करा. आणि मग जे बहुतेक जण करत नाहीत ते करा: गोळा दोन तळव्यांत घेऊन हलक्या दाबाने पंधरा-वीस वेळा फिरवा. सुरुवातीला पृष्ठभागावर बारीक भेगा दिसतात, सुकलेल्या मातीसारख्या. फिरवता फिरवता त्या मिटतात आणि गोळा गुळगुळीत होतो. भेग राहिली की चीज तिथूनच बाहेर पडतं. प्रत्येक गोळा उजेडात धरून बघते मी. चाळीस गोळ्यांना पाच मिनिटं जास्त लागतात.

आता आवरण. मैदा आणि कॉर्नफ्लोअर समसमान, चिमूटभर मीठ, पाणी घालून सरबरीत करा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे. चुऱ्यासाठी बाजारच्या पुड्यापेक्षा लादीपाव उत्तम. डझनभर पाव आधीच्या दिवशी तुकडे करून उघडे ठेवा, मंद ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कोरडे करा, रंग येऊ देऊ नका, मग मिक्सरमध्ये दोनदाच फिरवा. भरड रवाळ चुरा हवा. पावाचा चुरा तळल्यावर जो कुरकुरीतपणा देतो तो पुड्यातल्या बारीक भुग्याला नाही.

गोळा सरबरीत पिठात, मग चुऱ्यात, पुन्हा पिठात, पुन्हा चुऱ्यात. दोनदा. एक हात ओल्याचा, एक हात कोरड्याचा ठेवा, नाहीतर बोटांवरच भजी तयार होतात. घरात दोघं असलात तर एकाने पीठ सांभाळावं, एकाने चुरा. माझा मुलगा शाळेत असल्यापासून चुऱ्याच्या परातीवर बसतो. तयार गोळे ताटात एकमेकांना न लागता मांडून फ्रीझरमध्ये. दोन तासांत कडक झाले की डब्यात भरता येतात आणि पंधरा दिवस सहज राहतात. फ्रीझर लहान असेल तर आदल्या दिवशीच बर्फाचे ट्रे, मटारची पिशवी बाहेर काढून जागा करा. गोळ्यांचं ताट हातात घेऊन फ्रीझरसमोर उभं राहिल्यावर ही जागा सापडत नाही.

तळताना गोळे बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका. फ्रीझरमधून सरळ कढईत. तेल गोळे बुडतील इतकं, १८० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पावाचा छोटा तुकडा सोडा: लगेच वर यायला हवा आणि मिनिटाच्या आत सोनेरी व्हायला हवा. तुकडा तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे. त्यात गोळे तेल पितात आणि आवरण घट्ट होण्याआधी आतलं चीज वितळून बाहेर येतं. धूर दिसत असेल तर वरून रंग येईल आणि आत बर्फ राहील. एका वेळी सहाच गोळे सोडा, गारठलेले गोळे तेलाची आच झपाट्याने उतरवतात. सोडल्यावर पहिलं मिनिट झारा लावू नका. मग हलकेच फिरवा. आच मध्यम ठेवून साधारण तीन मिनिटं.

कान इथे डोळ्यांइतकेच कामाला येतात. गोळे सोडले की जोरात चरचर होते, मोठमोठे बुडबुडे येतात. हळूहळू आवाज बारीक होतो. मग एक क्षण येतो की एखाद्या गोळ्याच्या कडेने एकच बारीक बुडबुड्यांची ओळ सुरू होते आणि आवाज पुन्हा थोडा वाढतो. आतलं चीज वितळलं, ते आता वाट शोधतंय. तो आवाज आला की लगेच काढा. आणखी अर्धं मिनिट थांबलात तर तेलात चीज दिसेल. पहिला गोळा नेहमी फोडून बघा: मध्ये कडक खडा राहिला असेल तर पुढच्या घाण्याला आच थोडी कमी आणि अर्धं मिनिट जास्त.

काढलेले गोळे टिपकागदावर नव्हे, जाळीवर ठेवा. कागदावर खालची बाजू वाफेने ओली होते. आणि दोन मिनिटं थांबून मगच बाहेर पाठवा. वितळलेलं चीज जिभेला चिकटून भाजतं, लहान मुलांना तर गोळा मधोमध कापूनच द्यावा.

भाजलेले: चीज-मिरची टोस्टच्या वड्या

मुंबईला हा टोस्ट नवा नाही. विलिंग्डन क्लबातून प्रसिद्ध झालेलं एग्ज केजरीवाल म्हणजे याच टोस्टवर तळलेलं अंडं. आपण त्याचं घासभर रूप करतो.

२०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, १०० ग्रॅम मोझरेला, दोन मोठे चमचे मऊ लोणी, बिया आणि आतला पांढरा गर काढून बारीक चिरलेली एक ढोबळी मिरची, तीन-चार हिरव्या मिरच्या, दोन कांद्याच्या पाती, एक चमचा मिरपूड. सगळं काट्याने एकत्र करा. मिश्रण पसरण्याजोगं नको, दाबून बसवण्याजोगं हवं.

कालच्या सँडविच ब्रेडच्या दहा स्लाइस, प्रत्येकीचे चार चौकोन. तव्यावर एकच बाजू कोरडी भाजून घ्या आणि मिश्रण भाजलेल्या बाजूवर लावा. भाजलेला पृष्ठभाग ओलावा अडवतो, खालची कच्ची बाजू नंतर कुरकुरीत होते. कडेला बोटाएवढी नाही, पण चिमटीएवढी जागा सोडा, म्हणजे चीज ओघळून ट्रेवर जळत नाही. अशा मांडलेल्या वड्या झाकून तीन-चार तास फ्रीजमध्ये राहतात.

ओव्हन दहा मिनिटं आधी २०० अंशांवर तापवा, वड्या सात-आठ मिनिटं ठेवा. वर बुडबुडे येऊन कुठे कुठे तपकिरी ठिपके पडले की झालं. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर वड्या मांडा आणि खोलगट झाकण घाला. चार मिनिटांत कोंडलेल्या वाफेने चीज वितळतं आणि बूड खरपूस होतं. ठिपके येत नाहीत, चव येते.

मुलांसाठी काड्या

चीज, अननस आणि चेरी काडीला टोचायचं, अर्ध्या कोबीला चकचकीत फॉइल गुंडाळून त्यावर काड्या रोवायच्या. एका क्यूबचे चार तुकडे. यात एकच गोष्ट लक्षात ठेवा: ताज्या अननसातलं ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम प्रथिनं तोडतं, त्यामुळे त्याला लागून राहिलेलं चीज तासाभरात मऊ आणि कडसर होतं. डब्यातला अननस तापवून भरलेला असतो, तो चालतो. ताजाच वापरायचा तर फोडी थोड्या साखरेत पाच मिनिटं शिजवून, गार करून, कोरड्या पुसून घ्या. डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आलेली असते, ती चीजबरोबर आणि चिमूटभर मिरपुडीबरोबर अननसाहूनही छान लागते.

जैन शेजारी आणि मार्गशीर्षातले गुरुवार

आमच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. त्यांच्यासाठी दहा-बारा गोळे बटाट्याऐवजी उकडलेल्या कच्च्या केळ्यांचे करते, आलं वगळून. केळी बटाट्यापेक्षा कोरडी असतात, पोह्यांची पूड निम्मी पुरते. हे गोळे नव्या तेलात, सगळ्यांत आधी तळायचे आणि वेगळ्या ताटलीत, वेगळ्या झाऱ्याने काढायचे. चक्क्याचे काही गोळे लसणीशिवाय आणि थोड्या टोस्टच्या वड्या कांद्याच्या पातीशिवाय. त्या काकूंना एकदाच सगळं नीट सांगून ठेवलंय, त्यामुळे त्या निःशंक मनाने खातात, आणि त्यांना तसं खाताना बघून मला फार बरं वाटतं.

आवरणात अंडं न घालता मैद्याचं पीठ घेण्यामागेही हेच कारण. मार्गशीर्ष आणि नाताळचे दिवस जवळजवळ येतात, महिनाभर अंडं-मासे न खाणारी माणसं बैठकीत असतातच.

त्या दिवशीचं घड्याळ

पाहुणे आठला येणार असं धरू. दोन दिवस आधी पावाचा चुरा करायचा, रात्री दही गाळायला ठेवायचं. आदल्या दिवशी दुपारी बटाटे उकडायचे, संध्याकाळी गोळे वळून, आवरण लावून फ्रीझरमध्ये. त्या दिवशी सकाळी चक्क्याचं मिश्रण आणि टोस्टचं मिश्रण. दुपारी तीनला चक्क्याचे गोळे. पाचला ब्रेड भाजून वड्या मांडून फ्रीजमध्ये. सहानंतर स्वयंपाकघर पुसून घ्या, अंघोळ करा, साडी नेसा.

आठ वाजता चक्क्याचे गोळे बाहेर, पण अर्धेच. उरलेले अर्ध्या तासाने. दुधाचे पदार्थ खोलीच्या उष्णतेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि वीस माणसांच्या खोलीत तर दीडच धरा. सव्वाआठला टोस्टची पहिली ट्रे, त्यानंतर वीस मिनिटांनी दुसरी. पावणेनऊला कढई. सगळे चाळीस गोळे एकदम तळून ठेवायचे नाहीत. सहा-सहाचा घाणा काढत राहायचं आणि ताटली फिरत राहायची. तळायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. तेवढा वेळ ओट्याशी एखाद्या नणंदेला किंवा मैत्रिणीला गप्पांना बोलवा, त्या दारातल्या गप्पा बाहेरच्यांपेक्षा चांगल्या रंगतात.

उरलेलं तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळा, चुऱ्याचे काळे कण राहिले की ते कडू होतं. दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा आणि मोरीत ओतू नका, जुन्या इमारतींचे पाइप त्याने तुंबतात. टोस्टचं मिश्रण उरलं तर सकाळी डोशावर पसरा. तळलेले गोळे उरले तर ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करून लादीपावात, लसणीच्या सुक्या चटणीसोबत. आणि चक्क्याचे दोन-चार गोळे राहिलेच, तर १ जानेवारीला न्याहारीला थालीपीठ लावा, तव्यावरून उतरवलं की मधल्या भोकावर एक गोळा ठेवा आणि तो कडेने सैल व्हायला लागला की पहिला घास घ्या.